सिरिंजमधलं तेल, डोळ्यातला थेंब



स्मृतिव्याख्यानाला वक्ते बहुधा मोठे विषय घेतात. मी मात्र एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातल्या दहा-वीस भागांत मावेल एवढ्याशा वस्तूबद्दल बोलणार आहे. माझी सगळी नोकरी इंजेक्शनच्या कारखान्यात, गुणवत्ता तपासणीच्या खात्यात झाली. बाटलीत औषधाखेरीज दुसरं काही असता कामा नये, हे पाहायचं, एवढंच आमचं काम. ऐकायला सोपं वाटतं. करायला नाही.

ते काम कसं चालतं हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. एक टेबल असतं. टेबलामागे अर्धी पाटी काळी, अर्धी पांढरी. वर प्रखर दिवा. तपासणारी मुलगी बाटली मानेशी धरते आणि हलकेच गोल फिरवते. फिरवते, हलवत नाही. हलवली की बुडबुडे उठतात आणि बुडबुडा कोणता, कण कोणता, हे कळेनासं होतं. मग पाच सेकंद काळ्यासमोर, पाच सेकंद पांढऱ्यासमोर. काचेचा कण काळ्यावर चमकतो, बुचाच्या रबराचा तुकडा पांढऱ्यावर उठून दिसतो. कापसाचा एक तंतू दिसला तरी बाटली बाद. डोळ्यांना जे दिसत नाही ते यंत्र मोजतं. या मुलींना ठरावीक वेळाने उठवून विश्रांती द्यावी लागते, कारण थकलेल्या नजरेला सगळंच स्वच्छ दिसायला लागतं.

एवढी निगराणी सोसून बाटली कारखान्याबाहेर पडते. दवाखान्यात पोहोचते. तिथे बूच टोचून औषध सिरिंजमध्ये ओढलं जातं आणि सुईवाटे माणसाच्या शरीरात जातं. बाटलीपर्यंतचा हिशेब आमच्याकडे होता. सिरिंजमध्ये गेल्यापासून शरीरात जाईपर्यंतचा हिशेब कुणाकडे आहे? दंडात इंजेक्शन घेताना हा प्रश्न फारसा महत्त्वाचा नाही. पण तीच सुई डोळ्यात जाणार असेल तर?

डोळ्यात सुई म्हटलं की अजूनही अंगावर काटा येतो. पण या सभागृहात साठीच्या पुढचे बरेच जण दिसताहेत, आणि त्यांच्यापैकी काहींनी तरी ‘पडद्याचं इंजेक्शन’ घेतलेलं असणार, किंवा घरात कुणाला तरी घ्यायला नेलेलं असणार. मधुमेहामुळे पडद्याला सूज येते. उतारवयात पडद्याच्या मध्यभागी नको त्या रक्तवाहिन्या फुटतात, पाझरतात. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी या माणसांना डॉक्टर काय सांगत? लेसर करून बघू, आहे ती नजर सांभाळा. मग ही इंजेक्शनं आली. नापोलिओने फेरारा यांनी १९८९ साली रक्तवाहिन्या वाढवणारं एक प्रथिन शोधून काढलं होतं. त्या प्रथिनाला अडवणारं बेव्हॅसिझुमॅब हे औषध २००४ साली अमेरिकेत आतड्याच्या कर्करोगासाठी मान्य झालं. दुसऱ्याच वर्षी मायामीच्या फिलिप रोझेनफेल्ड यांनी त्याचा इवलासा डोस डोळ्यात देऊन पाहिला. पडद्याची सूज उतरली. २००६ मध्ये खास डोळ्यासाठी बनवलेलं रॅनिबिझुमॅब आलं, पण अमेरिकेत त्याची किंमत डोसामागे दोन हजार डॉलरच्या घरात, आणि बेव्हॅसिझुमॅबचा वाटून घेतलेला डोस पन्नास डॉलरच्या आसपास. २०११ साली दोन्हींची समोरासमोर तुलना झाली तेव्हा नजर सुधारण्यात दोन्ही तोडीस तोड निघाली.

या औषधांनी लाखो माणसांना वाचायला, नातवंडांचे चेहरे ओळखायला परत दिलं. पुढे मी जे काही बोलणार आहे ते ही गोष्ट मनात ठेवून ऐकावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता ‘वाटून घेतलेला डोस’ म्हणजे काय? बेव्हॅसिझुमॅबची लहान बाटली ४ मिलिलिटरची. डोळ्यात जातं ०.०५ मिलिलिटर, म्हणजे आपण डोळ्यात औषधाचा एक थेंब टाकतो साधारण तेवढं. एका बाटलीत कितीतरी रुग्णांची सोय होते. गरीब देशांनाच नव्हे, श्रीमंत देशांनाही हा मोठा आधार झाला. पण एवढंसं औषध मोजायचं कशाने? साध्या दोन मिलीच्या सिरिंजवर त्याची खूणसुद्धा नसते. आणि सुईच्या बुडाशी जेवढी पोकळी असते, तिच्यातच डोसाएवढं औषध अडकून वाया जातं. तेव्हा हाताशी असलेल्या एका सिरिंजकडे लक्ष गेलं. बारीक, स्वस्त, सुई जोडूनच आलेली, मधे पोकळी जवळपास नाही, आणि अंगावर बारीक खुणा. आपल्या घरोघरी असते ती. इन्शुलिनची सिरिंज. लाल टोपणाची, चाळीस युनिटवाली घेतली तर दोन युनिट म्हणजे बरोबर ०.०५ मिली. नारिंगी टोपणाची, शंभरवाली घेतली तर पाच युनिट. ज्यांनी हे शोधलं त्यांना मी दोष देत नाही. हातात जे होतं त्यातलं सर्वांत योग्य त्यांनी उचललं.

पण ती सिरिंज बनली होती पोटाच्या कातडीखाली इन्शुलिन देण्यासाठी. डोळा तिच्या कर्त्यांच्या मनातही नव्हता.

सिरिंजच्या आत डोकावूया. तुमच्यापैकी जुन्यांना काचेची सिरिंज आठवत असेल. स्टीलच्या डब्यात उकळत ठेवलेली. तिचा दट्ट्याही काचेचा, नळीला घासून-घासून इतका नेमका बसवलेला की नळीवर आणि दट्ट्यावर एकच नंबर कोरलेला असे. एकीचा दट्ट्या दुसरीत चालत नसे. तिला वंगण लागत नसे. प्लास्टिकची एकदाच वापरायची सिरिंज आली आणि कावीळ, एड्स यांच्या भीतीने ती सगळीकडे पसरली, हे उत्तमच झालं. तो काळ परत आणा असं मी कधीच म्हणणार नाही. पण प्लास्टिकच्या नळीत रबराचं टोक असलेला दट्ट्या घातला की तो चिकटतो. दाबला तर आधी हलत नाही, मग एकदम सरकतो. डोळ्याच्या आत सुई असताना असा धक्का बसणं किती भयंकर, कल्पना करा. म्हणून नळीला आतून सिलिकॉन तेल लावतात. सुईलाही लावतात, टोचताना दुखू नये म्हणून.

किती लावायचं यालाही नियम आहे. सिरिंजचं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं, की औषधाला लागणाऱ्या आतल्या पृष्ठभागावर दर चौरस सेंटिमीटरला ०.२५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त तेल नको, आणि ते नुसत्या डोळ्यांना थेंबांसारखं दिसता कामा नये. दंडासाठी, पोटासाठी हा नियम अगदी रास्त आहे. आता जरा हिशेब करूया. एक मिलीच्या बारीक सिरिंजचा आतला पृष्ठभाग साधारण आठ-साडेआठ चौरस सेंटिमीटर भरतो. म्हणजे नियमात राहूनही दोन मिलिग्रॅम तेल असू शकतं. आणि डोळ्यात द्यायचं बेव्हॅसिझुमॅब किती? सव्वा मिलिग्रॅम. नियमाने चालणारं तेल औषधापेक्षा वजनाने जास्त! बहुतेक तेल भिंतीलाच चिकटून राहतं, सगळं काही सुईतून जात नाही, हे लगेच सांगायला हवं. पण थोडं जातं.

आणि हे काही आत्ता कळलेलं नाही. १९८५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात शान्तलाऊ आणि बर्गर या दोन जर्मन डॉक्टरांनी लिहिलं होतं, की प्लास्टिकच्या सिरिंजमधलं सिलिकॉन तेल इन्शुलिनच्या बाटलीत उतरतं आणि ते दूषित करतं. सिरिंज तीच. तेल तेच. फक्त तेव्हा ते कातडीखाली जात होतं. वीस वर्षांनी तीच सिरिंज डोळ्यासाठी उचलली गेली तेव्हा हे जुनं पान कुणाला आठवलं असेल? मधुमेहाचे डॉक्टर वेगळे, पडद्याचे डॉक्टर वेगळे, त्यांची वाचनालयं वेगळी.

बाकीच्या कणांबद्दल थोडक्यात सांगते. जाड सुई बुचात तिरकी घुसली तर रबराचा तुकडा कापून आत येतो. काचेची कुपी फोडताना काच पडते. हातमोज्याची पावडर असते, कापसाचे तंतू असतात. यांवर उपाय आहे आणि तो चांगला आहे. रॅनिबिझुमॅबच्या बाटलीसोबत पाच मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजार भागांतल्या पाच भागांएवढ्या, गाळणीची सुई यायची. तिने औषध ओढायचं, ती काढून टाकायची, बारीक सुई लावायची, मग टोचायचं. पण नीट पाहा, ही गाळणी बाटली आणि सिरिंज यांच्या मधे आहे. तेल गाळणीच्या अलीकडे, सिरिंजच्या आतच आहे. गाळणी त्याला कशी अडवणार?

आता डोळ्याकडे वळूया. बाहेरून येणाऱ्या कणांबाबत शरीराचे सगळे भाग सारखे नसतात. स्नायूत, कातडीखाली रक्तपुरवठा भरपूर, सफाई करणाऱ्या पेशी भरपूर. डोळ्याच्या आतला तो पारदर्शक गर मात्र साधारण चार मिलिलिटरचा, बंदिस्त, रक्तवाहिन्या नसलेला. डोळा ही मोरी नसलेली खोली आहे. औषध हळूहळू झिरपून निघून जातं. तेल जात नाही. ते वर्षानुवर्षं राहतं.

म्हणून तर अमेरिकेच्या औषधसंहितेत डोळ्याचा नियम वेगळा आहे. शिरेत किंवा स्नायूत द्यायच्या लहान इंजेक्शनमध्ये दहा मायक्रॉन किंवा त्याहून मोठे कण एका बाटलीत ६००० पर्यंत चालतात. डोळ्यासाठीच्या द्रावात दर मिलिलिटरला फक्त ५०. पंचवीस मायक्रॉनचे पाच. इतका कडक नियम, आणि तो लागू होतो औषधाला. आमच्या त्या काळ्या-पांढऱ्या पाटीसमोरच्या बाटलीला. बाहेरून आणलेल्या सिरिंजमध्ये ते औषध ओढल्यावर त्यात किती कण झाले, हे या नियमानुसार कुणी मोजत नाही. औषधवाल्याने आपलं काम चोख केलं. सिरिंजवाल्याने आपलं मानक पाळलं. डॉक्टरांनी निर्जंतुकीकरणात कसूर केली नाही. तरीही थेंब डोळ्यात गेला. तिघांच्या हद्दींच्या मधे जी पट्टी उरली आहे तिचा मालक कोण?

माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत. इंजेक्शनने त्यांची नजर खरोखर सुधारली. पण त्या म्हणाल्या, “ताई, रांगोळी काढायला वाकलं की ठिपक्यांत एक ठिपका जास्तीचा येतो. पुसायला गेलं तर बोट जमिनीवर, आणि ठिपका आपला तिथेच.” ताठ बसल्या की तो खाली सरकतो, म्हणाल्या. हे वर्णन इतकं अचूक आहे की त्यावर थोडं थांबते. सिलिकॉन तेल पाण्यापेक्षा किंचित हलकं. त्यामुळे माणूस ताठ असताना थेंब डोळ्यात वरच्या बाजूला तरंगतो. पण डोळ्यात जे वर असतं ते आपल्याला खाली दिसतं, कारण पडद्यावर प्रतिमा उलटी पडते. आणि जमिनीकडे तोंड करून वाकलं की? मागचा पडदाच वरच्या बाजूला येतो, थेंब त्याच्याकडे तरंगत जातो आणि थेट नजरेच्या मध्यावर उभा राहतो. रांगोळी, तांदूळ निवडणं, शिवणकाम, देवापुढे वाकणं. नेमक्या अशाच वेळी. बाईंना डॉक्टरांनी सांगितलं, वयोमानाने असं होतं. वयोमानाने डोळ्यासमोर जाळी तरंगतात हे खरं, पण ती धाग्यासारखी, वेडीवाकडी. गोल, नितळ, कडा स्पष्ट असलेला ठिपका इंजेक्शननंतर आला असेल तर आधी सिरिंजचा विचार व्हायला हवा.

अमेरिकेत २००८ सालीच डॉक्टरांनी असे थेंब पाहून लिहिलं होतं. २०१६-१७ च्या सुमारास तिथे इन्शुलिनच्या सिरिंजमधून दिलेल्या बेव्हॅसिझुमॅबनंतर एकदम पुष्कळ रुग्ण अशी तक्रार घेऊन आले, आणि थोड्यांना ते थेंब काढण्यासाठी डोळ्याची शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. आंधळेपणा येतो का? नाही. सिलिकॉन तेल १९६२ पासून पडदा सुटलेल्या डोळ्यात मुद्दाम भरलं जातं, आणि बहुतेक वेळा नंतर काढून घेतलं जातं. पण ते शुद्ध केलेलं, डॉक्टरांनी विचार करून, रुग्णाला विचारून घातलेलं असतं. हे थेंब कुणी घालायचं ठरवलेलं नसतं. शिवाय ही औषधं प्रथिनं आहेत. तेलाच्या पृष्ठभागाशी प्रथिनं चिकटतात, त्यांच्या गुठळ्या होतात. कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली दाखवलं, की सिरिंजमध्ये भरून ठेवलेलं औषध गोठलं, हिंदकळलं की त्यातले तेलाचे सूक्ष्म थेंब आणि कण वाढतात. अशा गुठळ्या दाह पेटवत असतील, अशी शंका जाणकारांनी गंभीरपणे घेतली आहे.

आता या सगळ्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट सांगते. टिचकी.

तुम्ही शेकडो वेळा पाहिली असेल. सिस्टर सिरिंज भरतात, उभी धरतात, नखाने टक-टक टिचकी मारतात, बुडबुडा वर येतो, दट्ट्या दाबून हवा काढतात. आपल्याला ते बघून बरं वाटतं, काळजीने काम चाललंय असं वाटतं. ब्राझीलमधले डॉक्टर गुस्ताव्हो मेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या सिरिंजा घेऊन टिचकी मारून आणि न मारता तपासल्या. टिचकीने भिंतीवरचं तेल सुटून औषधात येतं, कितीतरी जास्त प्रमाणात. बेव्हॅसिझुमॅबच्या माहितीपत्रकात तर स्पष्ट लिहिलेलं असतं, गोठवू नका, हलवू नका. बाटलीत असताना ते आपण पाळतो. सिरिंजमध्ये गेल्यावर त्याच औषधाला टिचक्या मारतो!

आणि टिचकी कशासाठी? हवेसाठी. हवेचा छोटा बुडबुडा डोळ्यात गेला तर काय होतं? काळा गोल दिसतो, एक-दोन दिवसांत विरून जातो. हवा जाते, तेल राहतं. जाणारी गोष्ट टाळण्यासाठी आपण राहणारी गोष्ट आत घालतो. डोस नेमका यावा म्हणून हवा काढणं आवश्यक आहे, हे मला मान्य आहे. पण औषध सावकाश ओढलं, सिरिंज सुई वर करून थोडी स्थिर धरली आणि दट्ट्या हळू दाबला तर ती बहुतेक वेळा टिचकीशिवायच निघते. याला नवं यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. उद्या सकाळी ऑपरेशन थिएटरच्या भिंतीवर एक ओळ लिहून लावता येईल: डोळ्याच्या सिरिंजला टिचकी नको. परिचर्या महाविद्यालयांत शिकवता येईल. माझ्या मते आज ज्या काही गोष्टी करता येण्यासारख्या आहेत त्यांत हिचा पहिला नंबर आहे.

दुसरी गोष्ट पैशाची आहे, पण फार पैशाची नाही. सिलिकॉन नसलेल्या सिरिंजा जगात बनतात. काहींत रबरच नसतं, नळी आणि दट्ट्या असे दोनच भाग. कंपनीने आधीच भरून दिलेल्या काचेच्या सिरिंजांत सिलिकॉनचा अतिपातळ थर भट्टीत भाजून काचेवर पक्का केलेला असतो. म्हणजे तंत्र आहे. मग आपल्याकडे सरकारी रुग्णालयाच्या खरेदीच्या निविदेत ‘डोळ्यातल्या इंजेक्शनसाठी, सिलिकॉनविरहित’ हे शब्द का नसावेत? ‘निर्जंतुक, एकदाच वापरायची’ एवढ्यावर समाधान का मानावं? निर्जंतुक तेलसुद्धा तेलच आहे.

२०१६ च्या जानेवारीत गुजरातमध्ये काही रुग्णांच्या डोळ्यांना त्रास झाल्यावर केंद्रीय औषध नियंत्रकांनी बेव्हॅसिझुमॅब डोळ्यात वापरण्याविरुद्ध इशारा दिला होता, मार्चमध्ये तो मागे घेतला. त्या काळात माझ्या कानांवर जी चर्चा आली ती सगळी औषधाची: खरं की बनावट, थंड ठेवलं होतं की नाही, वाटताना जंतू गेले का. हे प्रश्न अगदी बरोबर होते. पण सिरिंज कोणती होती, असं विचारताना मी कुणाला ऐकलं नाही. २०२३ साली आयसीएमआरच्या पाहणीने देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचं सांगितलं. त्यांतल्या कितीजणांना पुढे या इंजेक्शनची गरज लागेल, विचार करा. आणि एकेकाला एक नव्हे, अनेक इंजेक्शनं.

वैद्यकीय उपकरणांच्या तक्रारींसाठी आपल्याकडे ६ जुलै २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स नावाचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. गाझियाबादचा भारतीय औषधसंहिता आयोग तो चालवतो. सिरिंज हे उपकरणच आहे. डोळ्यात थेंब दिसला, तर डॉक्टरांनी सिरिंजचा बॅच नंबर घालून तिथे कळवायला हवं. रुग्णही कळवू शकतो. १८००-१८०-३०२४ हा विनाशुल्क क्रमांक आहे. पण बॅच नंबर केसपेपरवर लिहिलेला असेल तर ना! औषधाचा लिहितात. सिरिंजचं वेष्टन कचऱ्यात जातं. ते वेष्टन केसपेपरला टाचून ठेवायला कितीसा वेळ लागतो?

मघाशी चहाच्या वेळी एका गृहस्थांनी विचारलं, असं असेल तर आईचं पुढचं इंजेक्शन रद्द करू का? नाही. अजिबात नाही. इंजेक्शन चुकलं तर पडद्याची सूज परत येते, आणि गेलेली नजर मग परत मिळेलच असं नाही. तेलाच्या थेंबाचा त्रास त्यापुढे फार लहान. इंजेक्शन घ्या, वेळेवर घ्या, आणि डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा, “सिरिंज सिलिकॉन नसलेली मिळेल का?” चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

आणि एक फरक पक्का लक्षात ठेवा. इंजेक्शननंतर गोल ठिपका दिसतो, पण दुखत नाही, नजर तशीच आहे, तर पुढच्या तपासणीला सांगा. मात्र पहिल्या काही दिवसांत डोळा दुखू लागला, लाल झाला, उजेड सोसेना, नजर मंदावत चालली, तर ते तेल नव्हे. तो जंतुसंसर्ग असू शकतो. हजारो इंजेक्शनांत एखाद्याला होतो, पण झाला तर तासातासाने डोळा हातचा जातो. तेव्हा सकाळची वाट पाहू नका, डॉक्टरांना रात्री उठवा.

प्रश्नांसाठी आपण वेळ राखून ठेवला आहे. घरातल्या कुणाच्या इंजेक्शनबद्दल विचारायचं असेल तर औषधाचं नाव सांगा, आणि ते कोणत्या सिरिंजने दिलं हेही आठवत असेल तर सांगा.